निजामाच्या कागदाची करकर

१२ जाने., रवि. राजूर.

दादा आज धड जेवले न्हाईत. काल संभाजीनगरला नोटा-नाण्यांच्या प्रदर्शनाला गेल्ते. सत्त्याहत्तराव्या वर्षी, एकटे, एस.टी.नं, अल्बम छातीशी धरून. तिथल्या एका दुकानदारानं हैदराबाद संस्थानची पाचाची नोट बघितली आणि हातसुद्धा लावला न्हाई. म्हणे, "काका, ग्रेडिंग झालेली आहे का? प्लास्टिकमध्ये सील?" न्हाई म्हणल्यावर म्हणे, "मग ते तुमचं म्हणणं झालं."

दादा: "माझं म्हणणं! सदतीस वर्षं बँकेत कॅशच्या जाळीमागं बसलो मी. हा अंगठा काय भजे तळायला होता का?"

आई भाकरी थापत होती. "मंग पुढच्या टायमाला अंगठाच सील करून न्या की."

दादांची, म्हणजे माझ्या बापाची, ग्रेडिंग पाच शब्दांची: कोरी, करकरीत, चालू, मळकी, गेलेली. प्रत्येक नोटेमागं एक चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली. लहानपणी मला वाटायचं जगात सगळ्यालाच अशी ग्रेड असती. मामाला मी पाहुण्यांसमोर "चालू" म्हणले होते, त्याचा फटका अजून आठवतो.

पाचाच्या नोटेची चिठ्ठी: "करकरीत. कागद निजामाचा."

म्हणले, मी बघते. कोण तपासतं, कसं तपासतं. दादा म्हणले, बघ, पण हरतील ते.


१५ जाने., बुध. जालना.

बियाण्याच्या लॅबमधून आल्यावर वाचत बसले. नोटा तपासणाऱ्या कंपन्या बऱ्याच, पण आपल्या कामाच्या तीन. नावं लांबलचक. म्हणून आपली सोय: थोरली आणि धाकटी, दोघी अमेरिकेच्या, नोट एजंटामार्फत जाती. तिसरी घरची, म्हणजे आपल्याच देशातली. तिघींचं माप एकच, एक ते सत्तर. सत्तर म्हणजे छापखान्यातून आत्ता निघाली, जवळ कुणी शिंकलंसुद्धा न्हाई.

फरक कुठं आहे तर: थो. नंबर देती, आणि कागद मूळचा असला, कुणी त्याला छेडलेलं नसलं, तर नंबरापुढं एक खूण. मी तिला चांदणी म्हणते. धा. पण तसंच करती, फक्त लोक म्हणतात तिचा हात सैल. घ. सगळ्या उखाळ्यापाखाळ्या काढती, भोक, डाग, घडी, एकूण एक लिहिती. नोटेच्या कागदालाच कुणी काही केलंय असं दिसलं तर नंबरच देत न्हाई.

बँकेच्या पिनची भोकं तिघी माफ करतात. हे वाचून बरं वाटलं. भोक बँकेनं पाडलं, त्यात नोटेचा काय गुन्हा.

पण तिघींच्या नियमांत आवाज कुठंच न्हाई! दादा नोट कानाशी नेऊन टिचकी मारतात. करकरीत हा शब्दच मुळात कानाचा. तो सत्तरात कुठं बसवायचा? उद्या परत शोधते.


१९ जाने., रवि. राजूर.

लॅबमध्ये बियाण्यावरून भांडण लागलं की आमचा उपाय ठरलेला. एकाच थैलीतलं बी तीन ठिकाणी पाठवायचं, कुणाला काही न सांगता. मंग कोण किती मोजतं ते बघायचं. इथं पण तेच करू म्हणले.

दादांनी एक रुपयाच्या कोऱ्या गड्डीतल्या पाठोपाठच्या तीन नोटा काढून दिल्या. सख्ख्या बहिणी. मी सवयीनं कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक ठिपके दिले. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. सँपल ओळखू यायला.

उद्या एजंटाकडं. पाचाची आत्ता पाठवायची न्हाई, आधी ह्या तिघींची परीक्षा.


९ मार्च, रवि. राजूर.

तिन्ही परत आल्या. थो.: ६५, चांदणी. धा.: ६६, चांदणी. घ.: ६३, चांदणी न्हाई, शेरा: "कोपऱ्यात पेन्सिलीची खूण."

दादांनी भिंग लावून बघितलं. "खूण कुणी केली?"

"मी. ओळखायला."

"माय, नोटेवर नंबर छापलेला असतो."

आई तर डोळ्याला पदर लावून हसून राह्यली. एवढी शिकलेली मी, लॅबमध्ये दुसऱ्यांच्या चुका काढते!

म्हणजे घ.ची नजर बारीक का? तसं पण म्हणता येत न्हाई. तिच्या वाट्याला तीन ठिपके गेल्ते, थो.ला एकच. माझी परीक्षाच बराबर नव्हती. तरी दोन दोन, तीन तीन नंबरांचा फरक चालतो. आमच्याकडं दोन मुली एकाच ट्रेमधले कोंब मोजतात तेव्हा एवढा फरक पडतोच, आम्ही सोडून देतो. हे दादांना सांगितलं तर म्हणले, "कॅशमध्ये सोडून देत न्हाईत."

पाचाची नोट माझ्याकडं दिली. देताना दोनदा परत घेतली.


१० मार्च, सोम. जालना.

नोट लॅबमध्ये नेली, शेख मॅडमला उर्दू वाचून दाखवायला. आमच्या शेजारच्या टेबलावर असतात, शुद्धता तपासतात. त्यांनी हात धुऊन, पुसून, मंग घेतली. पुढचं उर्दू सगळं वाचून दाखवलं. मागं मराठीत "पाच रुपये" आहे ते मी त्यांना वाचून दाखवलं. आमच्या घरात ही नोट इतकी वर्षं, आणि अर्धी आम्ही वाचलेलीच नव्हती.

म्हणाल्या, "हमारे दादा की पगार में येइच आते थे. पर इत्ता कडक कायको है ये?"

"निजामाचा कागद," मी म्हणाले. अगदी दादांच्या आवाजात. 

उद्या थो.कडं. तिचा नियम सगळ्यात जुना, आणि दादांना पहिला झटका मोठ्याच ठिकाणी द्यायचा आहे. म्हणजे झटका दादांना न्हाई, प्रदर्शनातल्या त्या दुकानदाराला.


२७ एप्रि., रवि. राजूर.

ऊन असं का अंगणात पाय ठेववत न्हाई. दुपारभर दादांचा लेख मोबाइलवर टाइप केला. बँकेच्या रिटायर लोकांची स्मरणिका निघून राह्यली, त्यात दादांचा लेख पाहिजेच म्हणून संपादकांचा हट्ट. नाव: "निजामाचा कागद". दादा खाटेवर बसून सांगतात, मी टाइप करते.

गोष्ट मला पाठ आहे. दादा नोकरीला नवीन, लग्न पण नवीन. काउंटरवर एक म्हातारी आली, पदराच्या गाठीतून नोट काढली, बदलून द्या म्हणाली. हैदराबादचा पैसा बंद होऊन जमाना झाल्ता. बदलता येत न्हाई म्हणल्यावर तिथंच बसली. दादांनी आपल्या खिशातले पाच रुपये तिला दिले आणि नोट शर्टाच्या खिशात टाकली. काउंटरवर गर्दी, नोट नीट बघितलीच न्हाई, मळकी वाटली. दुसऱ्या दिवशी घरी हातात घेतली तर करकरीत! तेव्हापासून दादांचा सिद्धांत: वरून मळला तरी निजामाचा कागद आतून मरत न्हाई. त्या दिवसापासूनच नोटा जमवायला लागले. पुढं जी नोट आवडली ती आपल्या पैशांशी बदलून घ्यायची, शर्टाच्या खिशात घालून घरी आणायची.

शेवटचं वाक्य सांगताना उभे राह्यले: "निजामाचे राज्य गेले, पण त्याचा कागद अजून बोलतो."

मी म्हणाले, छान आहे. आई आत काहीतरी जोरात आपटत होती.


१४ मे, बुध. जालना.

थो.चा निकाल. ४५. चांदणी न्हाई.

पंचेचाळीस म्हणजे वापरलेली पण बरी. त्याचं काही न्हाई. पण चांदणी न्हाई म्हणजे कागद मूळचा राह्यलेला न्हाई. कागदाचंच तर सगळं होतं! दादांना फोनवर नंबर सांगितला, चांदणीचं बोलले न्हाई. रविवारी सांगते.


१८ मे, रवि. राजूर.

सांगितलं. दादा सुरू झाले.

"करकरीत म्हणजे पंचेचाळीस? अन् कागद मूळचा न्हाई? अमेरिकेत निजाम होता का? त्यांनी कागद बघितलाय का कधी निजामाचा?"

ठरलं: घरचीकडं पाठवायची. "आपल्या माणसाला कळंल." प्लास्टिकची कडा मी कैचीनं कापली. दादा श्वास रोखून बसले होते. नोट बाहेर आली, टिचकी मारली, कान लावला, तेव्हा कुठं चेहरा सुटला.

आई म्हणाली, "कशाला परत पाठवायची? बास झालं की. राहू द्या घरात." दादांनी ऐकलं न्हाई. मला तेव्हा वाटलं, टपालात हरवंल म्हणून म्हणून राह्यली.


२५ जून, बुध. जालना.

पेरणीचे दिवस, लॅबमध्ये मान वर करायला फुरसत न्हाई. त्यात घ.चं पाकीट आलं. साध्या पाकिटात नोट, सील न्हाई, नंबर न्हाई. शेरा: "धुतलेली. दाबलेली. कागदावर बाहेरचा पदार्थ."

बाहेरचा पदार्थ? कोणता? लिहायला काय झालं होतं! आम्ही असा रिपोर्ट दिला असता तर साहेबांनी तोंडावर फेकला असता.

दादांना सांगितलं न्हाई. आधी पदार्थ कळू दे.


२६ जून, गुरु.

कळला.

नोटेवर थेंब टाकायची हिंमत न्हाई. म्हणून गाळणकागदाची ओली पट्टी नोटेच्या कडेला दाबली, उचलली, आणि पट्टीवर आयोडीनचा थेंब. निळी-काळी. झटक्यात. पर्समधल्या दहाच्या नोटेचं तसंच करून बघितलं, नुसती पिवळी. परत पाचाची, दुसरी कड. निळी.

स्टार्च. शेख मॅडम मागं उभ्या होत्या. "मॅडम, ये तो धोबी का काम है."

आनंद झाल्ता, खोटं कशाला लिहू. दोन देशांतल्या तपासणाऱ्यांना जे सांगता आलं न्हाई ते मी एका थेंबात काढलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी हवेत. मंग डबा उघडला आणि दादांचा लेख आठवला.

ती करकर निजामाची न्हाईच. खळीची आहे. कुणाची खळ?


२९ जून, रवि. राजूर.

दादा गणपतीला गेल्ते. आई मागच्या दारी शेंगा सोलून राह्यल्ती. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, "आई, पाचाच्या नोटेला खळ कुणी दिली?"

सोलता सोलता थांबली. "तुझ्या मशीनला कळलं का?"

"हां."

"लग्नाला चार महिने झालते. ह्यांचा शर्ट भिजवला अन् खिसा बघायचा राह्यला. पिळताना हाताला लागली. काढली तं भिजलेल्या पापडावानी. रडले बाई मी. सासूबाई देवळात गेल्त्या. शर्टासाठी साबुदाण्याची खळ केलतीच, तिच्यातच बुडवली. पाटावर पसरली, वर फडकं, अन् तांब्यात निखारे घालून फिरवला."

"आणि दादांना?"

"सांगणारच होते. आठ वेळा मनात घोकून ठेवलं होतं. तं ह्यांनी नोट हातात घेतली, टिचकी मारली, अन् एवढे खुश झाले! म्हणले, इकडं ये, बस, बघ कागद कसा आहे निजामाचा. तवर आमचं बोलणं म्हणजे चहा घ्या, डबा घ्या, एवढंच. जवळ बसवून काही दाखवलं ते पहिल्यांदा. मंग मी काय म्हणू? मी केलंय म्हणू?"

मला हसू पण येईना आणि रडू पण. बावन्न वर्षं ही बाई प्रत्येक पाहुण्याला चहा देताना तो सिद्धांत ऐकत उभी राह्यली.

विचारलं, आता? लेख छापून येणार, दोनशे लोक वाचतील. कुणीतरी तिसऱ्यानं दादांना खोटं पाडण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं.

आई: "तू न्हाई. माझं मी सांगीन."

कधी, ते बोलली न्हाई.


४ जुलै, शुक्र. जालना.

संपादकांचा फोन. लेख कुठंय? सगळे आले, दादांचाच राह्यला. मी म्हणाले, एक शब्द बघायचा आहे. एकच शब्द हे खरंच. फक्त सगळा लेख त्याच्यावर उभा आहे.

घ.चा शेरा अजून दादांपासून लपवलेला. रोज फोनवर विचारतात, "आली का?" मी रोज न्हाई म्हणते. आईच्या बावन्न वर्षांपुढं माझे नऊ दिवस, आणि माझीच झोप गेली.


६ जुलै, रवि. राजूर.

उपास होता. आईनं भिजलेल्या साबुदाण्याचं पातेलं दादांसमोर ठेवलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. एका दमात. शर्ट, खिसा, पाट, तांब्या. मी दारात.

दादा: "काय?"

परत सांगितलं. तेच शब्द, तोच क्रम. घोकलेलं असावं.

दादा: "पन्नास वर्षं?"

"बावन्न."

मी घ.चा शेरा पण पुढं ठेवला, म्हणाले मी पण लपवलं. त्यांनी वाचला, घडी केली, खिशात ठेवला. आईवर ओरडले न्हाईत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणले, "मी लोकांना सांगितलं. शाळेत मुलांना सांगितलं. माझा अंगठा..." आणि अंगठ्याकडं बघत राह्यले. मला फार फार वाईट वाटलं. काय गरज होती मला एवढी शोधाशोध करायची?

खिचडी करायची तशीच राह्यली.


९ जुलै, बुध.

आईचा फोन. तीन दिवस झाले, फक्त "पाणी" आणि "चष्मा" एवढंच बोलतात. "आज शर्ट स्वतः धुतला. धुवायच्या आधी चारदा खिसा बघितला. मला दाखवून."

"तू काय म्हणालीस?"

"म्हणले, कॉलर नीट घासा."


१३ जुलै, रवि. राजूर.

मी घाबरतच गेले. दारात चप्पल काढते तर चुलीवर पातेलं, आणि दादा स्टुलावर बसून आत वाकून बघतात.

"पातळ न्हाई झाली का गं?"

"अशीच असती. थंड झाल्यावर घट्ट होती."

दादांनी दहाच्या चार नोटा काढल्या होत्या. आईला म्हणले, ह्यातल्या दोघींना खळ दे, जशी तेव्हा दिलती तशी. मला कळू दे, अंगठा कुठं चुकला. आई म्हणाली, आता तांब्या-निखारे कुठं, विजेची इस्त्री चालंल का? दादा: "चालंल. लिहून ठेव पण, इस्त्री वेगळी." हे मला! मी कागद-पेन्सिल घेतली. सात दिवसांपूर्वी माझा बाप संपला असं मला वाटलं होतं.

नोटा वाळल्या. मी पाठ फिरवून चारी मिसळल्या, एकेक दादांच्या हातात दिली, त्यांनी डोळे मिटलेले. अंगठा, टिचकी, कान. दहा वेळा. सहा बरोबर.

"सहा म्हणजे?"

खरं सांगितलं. "नुसतं डोळे झाकून खळ आहे, न्हाई, असं म्हणत गेलं तरी पाच येतात, दादा."

दादांनी त्या चारी नोटा परत एकेक बोटांत फिरवल्या. आई बाजरी निवडायला सूप घेऊन बसली. मंग दादा एकदम म्हणले, "अगं, माझे सगळे शर्ट तूच धुतले ना?"

"मंग कोण धुणार?"

"अन् माझ्या सगळ्या नोटा शर्टाच्या खिशातून आल्या."

आईचा हात सुपात थांबला.

अल्बम खाटेवर उघडला. दादांनी पहिली नोट काढून तिच्यासमोर धरली. "हिला दिलती का?"

"न्हाई."

"हिला?"

"न्हाई हो. ती लई छोटी आहे, लक्षात राह्यली असती."

"हिला?"

आईनं चष्मा लावला. नोट हातात घेतली, उलटीपालटी केली. तिच्या हातात अल्बमातली नोट मी पहिल्यांदा बघितली. "हिला..." म्हणाली, आणि अंगठा फिरवला, अगदी दादांसारखा. "न्हाई. बहुतेक."

दादांनी चिठ्ठीवरच्या "करकरीत"पुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. चेहरा पडलेला न्हाई. मला लॅबमधली नवी पोरगी आठवली, पहिला ट्रे उघडताना असाच चेहरा असतो.

एक नोट राह्यली बाजूला, एक गेली आत. दोनशे चौदा आहेत, चार वाजेपर्यंत एकवीस झाल्या. त्यात आईला चार "सांगता येत न्हाई". आयोडीन आणू का विचारलं तर दोघंही एकदम न्हाई म्हणले.

निघताना विचारलं, "दादा, त्या संपादकांना काय सांगू? लेख द्यायचा का रद्द?"

"थांब म्हण त्यांना," दादा म्हणले, नजर आईवर. "आधी हिला आठवू दे."

आई म्हणाली, "मला घाई करायची न्हाई," आणि पुढची नोट मागायला हात केला.